छायाचित्रापूर्वी ते कोणाचे?



काही वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये आमच्या वडीगोद्रीत बाहेरून शिधा आला. पीठ, तूरडाळ, तेल, साखर, खजूर. साठ घरांसाठी साठ पिशव्या. ज्या संस्थेने तो पाठवला तिला निधी परदेशातून मिळत असे, आणि तिची एकच अट होती : प्रत्येक घेणाऱ्याचे पिशवीसह छायाचित्र पाठवावे. फोन माझ्याच हातात होता. रांगेत एक वयस्क विधवा होत्या. त्यांना सारी वस्ती खाला म्हणते. त्यांनी पदर ओढून घेतला आणि हळूच विचारले, “मौलाना, फोटो निघेपर्यंत हे तुमचं आणि निघाल्यावर माझं, असंच ना?”

मी छायाचित्र काढले. प्रश्न मात्र मनात राहिला, कारण खालांनी नकळत फिकहमधील एका जुन्या मुद्द्यावरच बोट ठेवले होते.

मदरशात ‘हिदाया’ शिकताना जकातच्या प्रकरणात ‘तमलीक’ हा शब्द येतो. तमलीक म्हणजे मालक बनविणे. हनफी मतानुसार जकातची रक्कम गरजूच्या मालकीत गेल्याशिवाय जकात अदा होत नाही. म्हणून त्या पैशातून मशीद बांधता येत नाही, पूल बांधता येत नाही. गरजूला पंगतीला बसवून जेवू घातले तरी पुरत नाही, अन्न त्याच्या स्वाधीन करावे लागते. विद्यार्थीदशेत मला हा नियम कोरडा वाटे. पूल बांधला तर शेकडो लोक ओलांडतील, मग हरकत काय? आज त्यामागचा विचार थोडा उमगतो. जो मालक होतो तो वस्तू खाऊ शकतो, विकू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, आणि देणाऱ्याकडे पाठ फिरवून घरी जाऊ शकतो. पवित्र कुरआनने श्रीमंतांच्या संपत्तीत याचकाचा व वंचिताचा ‘हक्क’ आहे असे म्हटले आहे. ज्याला आपला हक्क मिळतो त्याने कोणापुढे उभे राहून सिद्धता का द्यावी?

हीच कसोटी देशोदेशींच्या मदतीला लावून पाहू या. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, मराठवाड्याच्या घराघरांत पोचली. सुकडीही वाटली गेली. आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या भाकरीची चव ते अजून सांगतात. त्या मिलोने जीव वाचले, हे उपकार नाकारू नयेत. परंतु तिच्याइतकाच दुसराही आधार होता : पाझर तलाव, रस्ते, खडी फोडण्याची दुष्काळी कामे. 1973 च्या उन्हाळ्यात या कामांवर राज्यभर सुमारे 50 लाख माणसे होती. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, आणि जे सरकारच्या दयेवर होते ते मागणाऱ्याचा हक्क ठरले. मिलो संपली, हक्क राहिला.

आपल्याच जालना तालुक्यातील कडवंचीचे उदाहरण अधिक बोलके आहे. जर्मनीच्या मदतीने महाराष्ट्रात ‘इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम’ चालला. त्याच्या उभारणीत फादर हरमन बाखर या स्विस ख्रिस्ती धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. पैसा जर्मन सरकारचा, नाबार्डमार्फत येणारा. गावात काम करणारी संस्था खरपुडीची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, विजयअण्णा बोराडे यांची. 1996 साली कडवंचीत काम सुरू झाले : माथ्यापासून पायथ्याकडे, शेताचे बांध, चर, नाल्यावरचे बंधारे. तेथील पद्धत पाहा. गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घ्यायची, गावची पाणलोट समिती नेमायची. म्हणजे देणारा परका असला तरी पहिला घाम गावाचा. पुढे त्याच गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि 2012 च्या भीषण दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर असताना कडवंचीचे नाव दूरवर घेतले गेले.

येथे मला त्या अन्सारी सहाबींची हकीकत आठवते, जे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आले होते. त्यांच्या घरात एक घोंगडी आणि एक पेला एवढेच होते. प्रेषितांनी (स.) तेच मागवून घेतले, दोन दिरहमला विकले, एका दिरहमचे धान्य घरी, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिला दांडा स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला सांगितले. भांडवल त्या माणसाचे स्वतःचे होते. बाहेरून आला तो फक्त दांडा. (त्यांच्या हाती कुऱ्हाड दिली गेली आणि कडवंचीत कुऱ्हाडबंदी झाली, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो.)

परंतु पाणलोटाचा हिशेब इतका स्वच्छ नसतो. चराईबंदीची किंमत कोण मोजतो? ज्याचे शेत खाली आहे त्याच्या विहिरीला पाणी चढते. ज्याच्याकडे शेतच नाही, चार शेळ्या आहेत, त्याचा डोंगर बंद होतो. आणि पाणी जमिनीत मुरल्यावर ते कोणाचे? शेततळे मूळ कल्पनेप्रमाणे पावसाने भरायचे. मराठवाड्यात अनेक ठिकाणी मात्र विहिरी-बोअर उपसून प्लास्टिकच्या अस्तराची तळी भरली जातात. सर्वांच्या श्रमाने मुरलेले पाणी एकाच्या कुंपणात जाते. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन लोकांना दिली, तेव्हा तिच्यात त्यांच्या बादलीला इतरांच्या बादलीइतकाच अधिकार होता. सामायिक वस्तूची तमलीक अशी असते. देणाराही रांगेत उभा राहतो.

आमच्या परिसरातून जाणारा पैठणचा डावा कालवाही अशाच एका प्रश्नाचा भाग आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली. कालव्यांच्या कामासाठी पुढे जागतिक बँकेचे कर्ज आले. (त्यावरील व्याजाचा प्रश्न वेगळा, त्याकडे आज वळत नाही.) 208 किलोमीटरच्या त्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी किती पोचते, हे टोकाच्या शेतकऱ्याला विचारावे. कर्ज देणारा पैशाचा हिशेब सरकारकडे मागतो, सरकार अधिकाऱ्याकडे. टोकाच्या शेतकऱ्याने हिशेब कोणाकडे मागावा? 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना तो अधिकार कागदावर दिला आहे.

आता आपल्या पिशव्यांकडे परत येतो. तुम्ही म्हणाल, मौलाना, छायाचित्र नको तर मधल्या माणसाने माल खाल्ला नाही कशावरून? रास्त शंका आहे. अमानतीचा हिशेब घेणे ही सुन्नतच आहे. जकात वसूल करून आलेल्या एका माणसाने हे तुमचे आणि हे मला भेट मिळाले, असे म्हटले, तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून त्याची जाहीर कानउघाडणी केली. पण तो हिशेब कोणाला विचारला गेला? वाहून आणणाऱ्याला, ज्याच्या घरी जकात पोचली त्याला नव्हे. आपण नेमके उलट करतो. अप्रामाणिकपणाची शक्यता असते माझ्यासारख्याची, आणि तोंड दाखवावे लागते खालांना.

हे मी त्या संस्थेला लिहून कळवले. दुकानदाराच्या पावत्या, वस्तीतील तीन जणांच्या सह्या, हवे तर त्यांच्या माणसाने येऊन माझीच वही तपासावी, असे सुचवले. उत्तर नम्र होते, पण नकाराचे. त्यांच्या देणगीदारांना चेहरे हवे होते. पुढच्या रमजानमध्ये पिशव्या आल्या नाहीत. वस्तीने आपसात वर्गणी काढली. त्यात बावीस घरे बसली, साठ नव्हेत.

खालांच्या घरी पिशवी पोचली, रात्री, कोणी न पाहता. त्यानंतर दोनच दिवसांनी, यादीत न बसलेल्या अडतीस घरांपैकी एका घरातील तरुण आई मशिदीच्या दाराशी आली. कडेवर मूल होते. ती म्हणाली, “मौलाना, माझा फोटो काढला असता तर माझं काय बिघडलं असतं? मला कोणी विचारलं का?”

तिला कोणीच विचारले नव्हते. मीही नाही. या रमजानच्या यादीसाठी मी घरोघरी जातो आहे, आणि या वेळी प्रश्न तिचाच घेऊन जातो आहे.