अंधारातील घट

जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो? भूतलावर घट नाही हे ज्ञान कशाने होते, यावर आपल्या दार्शनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे निराळे प्रमाण मानले. नैयायिकांना त्याची गरज वाटली नाही. परंतु एका अटीविषयी दोन्ही पक्ष दक्ष होते. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती आधी हवी. काळोख्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, हे म्हणणे शास्त्रात टिकत नाही. व्यवहारात मात्र ते सर्रास टिकते, आणि त्यापायी माणसांची अब्रूही जाते.

हा वाद आम्हांला आठवला तो एका संगणकामुळे. आमच्या एका स्नेह्यांनी वर्षभर पैसे साठवून सुटे भाग आणले व संगणक स्वतः जोडला. प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पाण्याची योजना होती: प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, नळ्यांतून खेळणारे पाणी, ते फिरविणारा पंप आणि उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर. विजेच्या यंत्रात बुद्ध्या पाणी सोडायचे, हे ऐकूनच आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. कळ दाबली तेव्हा पंप घरघरला, दिवे लागले. पडदा मात्र काळाच राहिला. जमलेल्या सर्वांची दृष्टी एकदम पाण्याकडे गेली.

वस्तुतः पाण्याची परीक्षा आधीच झाली होती. मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप चोवीस तास चालविला होता आणि प्रत्येक सांध्याखाली टिपकागदाच्या घड्या ठेवल्या होत्या. त्या कोरड्या निघाल्या. पाणी गळले असते तर कागद भिजलाच असता; कुमारिलांनीही हा पुरावा मान्य केला असता. तरी पाण्यावरचा संशय हटला नाही, कारण संशय पुराव्यामागे जात नाही, नवलाईमागे जातो. प्रोसेसरची वेगळी वीजतार लावायची राहणे, रॅमची पट्टी अर्धवट बसणे, पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लागणे, हे दोष कितीतरी अधिक संभवनीय; पण त्यांच्याकडे बोट दाखविण्यात कोणाला गोडी नसते.

यंत्रही याबाबतीत आपल्याहून शहाणे नाही. पंप परस्पर पॉवर सप्लायला जोडला, तर मदरबोर्डला फेऱ्यांची संख्या कळत नाही. कळत नाही म्हणून पंखाच बंद आहे, असा निष्कर्ष काढून काही मदरबोर्ड अडून बसतात. माणसाने घडविलेले ते, माणसावरच जाणार!

आता काळा पडदा. डीडीआर५ जातीची नवी रॅम प्रथम बसविली की मदरबोर्ड तिच्याशी संकेतांच्या वेळा जुळवून घेतो. त्यात काही मिनिटे सहज जातात, आणि तोवर पडद्यावर काही उमटण्याची सोयच नसते. मदरबोर्डवर रॅमच्या नावाचा बारीक दिवा जळत होता, तो हेच सांगत होता. स्नेह्यांनी दोन मिनिटांत वीज तोडली, पुन्हा दिली, पुन्हा तोडली. प्रत्येक वेळी ती जुळणी पहिल्यापासून सुरू झाली. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी दुकानदाराला फोन करून, जुना माल नवा म्हणून गळ्यात मारलात, असे सुनावले आणि फोन ठेवला. ‘पाहिलंत? एक शब्द बोलला नाही,’ ते आम्हांला म्हणाले.

येथे आमचे लक्ष यंत्रावरून उडाले. ‘खुलासा आला नाही, सबब आरोप मान्य समजावा’ हे वाक्य आम्ही कचेरीत किती वेळा वाचले आहे! पत्र पोहोचले का, ज्याला लिहिले त्याला ती भाषा वाचता येते का, हे पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. गप्प असलेल्याला बोलता येईल अशी सोय करून देणे याला आपण सौजन्य म्हणतो. आमच्या मते तो सौजन्याचा प्रश्नच नव्हे. ती सोय केल्यावाचून त्याच्या मौनातून काही जाणताच येत नाही. जाणल्याचा आव तेवढा आणता येतो.

चौथ्या खेपेस चहा आला, म्हणून यंत्राला कोणी हात लावला नाही. सातआठ मिनिटांनी पडदा उजळला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. दुकानदाराला पुन्हा फोन गेल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.