मॉर्फिनची गोळी आणि क्रूस



आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा कॅन्सरच्या अखेरच्या दिवसांत असलेल्या माणसाच्या उशाशी मॉर्फिनच्या गोळ्या तशाच पडलेल्या दिसतात. घरचे म्हणतात, ‘फादर, सवय लागेल. शिवाय येशूनेही क्रुसावर गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला ना?’

नाकारला, पण स्वतःसाठी. दुसऱ्याच्या वेदना त्याच्या वतीने अर्पण करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याच येशूच्या दाखल्यातील शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो. उपदेश करीत बसत नाही. हेतू वेदना शमवण्याचा असेल, मरण आणण्याचा नसेल, तर अशी औषधे घेण्यास हरकत नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत मॉर्फिन मरण ओढवत नाही, हे आता वैद्यकशास्त्रही सांगते.

तेव्हा गोळी ठरल्या वेळी द्यावी, कळ येण्याची वाट पाहू नये. तिने शौचाला कडक होते, त्याचे औषध सोबतच मागून घ्यावे. गिळता येईनासे झाल्यावर बळजबरीने भरवू नये. ओल्या फडक्याने ओठ व जीभ ओली करावी, कूस बदलून द्यावी. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ पासून अशीच शुश्रूषा विनामूल्य होत आली आहे.

आणि रुग्णाभ्यंगासाठी आम्हांला घरघर लागल्यावर बोलावू नका. (रात्री-अपरात्री येऊच, ती गोष्ट वेगळी.) आजाऱ्याला कुमसार करायचा असतो, मुलांना काही सांगायचे असते. वेदना थांबल्या तरच ते त्याला जमते.