शिल्लक कॉफी आणि दानाची शुद्धी



दान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चीवरदान येते, भोजनदान येते, विहाराच्या बांधकामासाठी फाडलेली पावती येते. आज ज्या दानाविषयी बोलायचे आहे ते हॉटेलात, उभ्या उभ्या केले जाते.

इटलीत नेपल्स नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील जुनी रीत अशी की, मनुष्य एक कॉफी पितो आणि पैसे दोन कॉफींचे देतो. दुसरी कॉफी दुकानात शिल्लक राहते. मागाहून कोणी गरीब येतो आणि विचारतो, शिल्लक कॉफी आहे का? असली तर त्याला ती मिळते. तेथील भाषेत तिला ‘काफे सोस्पेसो’ म्हणतात, म्हणजे अधांतरी ठेवलेली कॉफी. मधल्या काळात ही रीत मागे पडली होती. 2008 साली लुचानो दे क्रेशेन्झो या नेपल्सच्या लेखकाने याच नावाचे पुस्तक काढले. पुढे 2011 च्या सुमारास रीतीने पुन्हा जोर धरला आणि ती इतर देशांतही गेली. गांब्रिनुस या तेथील प्रसिद्ध उपाहारगृहात तर यासाठी एक भली मोठी किटली ठेवलेली आहे. पैसे भरणारा आपली पावती तीत टाकून निघून जातो.

देणारा घेणाऱ्याला पाहत नाही. घेणाऱ्याला कोणापुढे वाकावे लागत नाही. (पंखा दान करून त्यावर ठळक अक्षरांत नाव रंगवून घेणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा!)

या रीतीचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? गावच्या हॉटेलात आपल्या वाडवडिलांसाठी बाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई. प्यायल्यावर कप स्वतः विसळून जागेवर ठेवावा लागे. पैसे मात्र पुरते मोजून घेतले जात. म्हणून तर संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला. पुरते पैसे देऊनही आपल्याला जो कप मिळत नव्हता, तो नेपल्समध्ये एक पैसाही न देणाऱ्याला मिळतो.

परंतु बंधुभगिनींनो, त्या कपातली कॉफी कोणाच्या घामाची, हे कोण विचारतो? श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला तथागतांनी संपत्तीचा विनियोग सांगितला, तेव्हा ती संपत्ती कशी मिळवलेली असावी हेही सांगितले: स्वकष्टाने आणि धम्माला धरून. आपण रोज दुसरे शील घेतो, न दिलेले घेणार नाही म्हणतो. मग शेतकऱ्याला बुडवून स्वस्तात आणलेली कॉफी दान दिली, तर त्या दानात शेतकऱ्याचे न दिलेले किती आणि आपले किती?

कॉफीचा भाव शेतकरी ठरवत नाही. न्यूयॉर्कचा बाजार ठरवतो. 2001 अखेरीस तेथे पौंडाला 50 सेंटांहूनही कमी भाव होता. त्यात लहान शेतकऱ्याचा खर्चही निघत नव्हता. असे होऊ नये म्हणून मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या मूलनिवासी शेतकऱ्यांनी आधीच एक वाट काढली होती. त्यांच्यात राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर होफ यांच्या साहाय्याने 1988 साली हॉलंडात ‘माक्स हाव्हेलार’ या शिक्क्याची कॉफी विकू लागली. जावा बेटावर डच अमलात शेतकऱ्यांचा जो छळ झाला, त्यावरच्या 1860 सालच्या कादंबरीचे हे नाव. आजच्या फेअरट्रेड कॉफीची सुरुवात ही अशी आहे. नियम साधा आहे. बाजार कितीही पडो, ठरलेल्या किमान भावाखाली खरेदी नाही. धुतलेल्या अरेबिकाचा हा भाव ऑगस्ट 2023 पासून पौंडाला 1.80 डॉलर आहे. वर 20 सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतात. त्यांचे काय करायचे ते सभासद ठरवतात.

या वाजवी भावालाच पुष्कळ दुकानदार दान म्हणून मिरवतात. ही कॉफी घ्या, गरीब शेतकऱ्यावर उपकार करा! मला हे मुळीच मान्य नाही. 1927 साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते कोणी दया करून दिले म्हणून नव्हे. अनोळखी माणसाला दिलेला कप हे दान. पिकवणाऱ्याला दिलेला भाव हे त्याचे देणे. देणे चुकवायचे आणि दानाचा टेंभा मिरवायचा, ही लबाडी होय.

आणि ज्याला जमीनच नाही त्याचे काय? फेअरट्रेडची कॉफी लहान शेतकऱ्यांच्या संस्थांकडून येते. त्यांच्या झाडाची फळे रोजाने तोडणारा मजूर त्या संस्थेचा सभासद नसतो. 2014 साली लंडनच्या सोअस या संस्थेतील संशोधकांनी इथिओपिया व युगांडात पाहणी करून दाखवले की, शिक्का असलेल्या भागांत मजुराची स्थिती बरी नव्हती. मजुरी पुष्कळदा कमीच होती. फेअरट्रेडवाल्यांनी त्या तुलनेवर आक्षेप घेतले, पण प्रश्न उरतोच. आपल्या देशात कोडगू, चिक्कमगळुरूच्या मळ्यांवर लाइनीतल्या खोल्यांत राहून फळे तोडणाऱ्यांत दलित आणि आदिवासी किती आहेत! त्या मोठ्या मळ्यांना हा शिक्का मिळत नाही आणि त्याचा लाभ या मजुरांपर्यंत पोचत नाही. 2025 च्या आरंभी न्यूयॉर्कचा भाव पौंडाला चार डॉलरांवर गेला होता. मळेवाल्याचा भाव वाढला, तेव्हा तोडणाऱ्याची मजुरी किती वाढली, हे विचारण्याचा अधिकार पिणाऱ्याला आहे.

तेव्हा शिक्का पाहून समाधान मानू नका, आणि तो अपुरा आहे म्हणून फेकूनही देऊ नका. आपल्या चौकातल्या हॉटेलवाल्याशी बोला. भिंतीवर एक पाटी लावायला सांगा. शिल्लक कप किती, तेवढाच आकडा तीवर खडूने लिहायचा. कप तोच, बाक तेच, नाव विचारायचे नाही, फोटो काढायचा नाही. कॉफीची पूड शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची आणायला सांगा. आंध्रातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची अशी संस्था आहे. (चिकोरी किती मिसळली आहे तेही पुड्यावर पाहावे, नाहीतर कॉफीच्या नावाखाली मुळ्यांची पूड पदरात पडायची.) हॉटेलवाला म्हणेल, महाग पडते. त्याला हिशोब करून दाखवा. एका कपाला फार तर दहा ग्रॅम पूड लागते. किलोमागे शंभर रुपये जादा मोजले, तरी कपामागे एक रुपया वाढतो. तो रुपया गिऱ्हाइकाने द्यावा, आणि शिल्लक कप मांडणाऱ्याने दोन कपांचे दोन द्यावेत.