अन्नवस्त्र आणि संमती

समजा, परतूर तालुक्यातल्या एका घरात भाऊ-बहीण आहेत. बहीण थोरली, जन्मापासून बहिरी. त्यामुळे बोलणंही आलं नाही. शाळा झाली नाही, लग्न झालं नाही. भावाच्या संसारातच तिचं आयुष्य गेलं. वडील वारल्यावर फेरफार होऊन सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली. पुढे भावाला जमीन एका नावावर हवीशी झाली आणि हक्कसोडपत्र तयार झालं. निबंधकांसमोर तिला विचारलं जातं, "हे तुम्हाला मान्य आहे ना?" उत्तर भाऊ देतो, "हो साहेब, आम्ही घरी समजावून सांगितलंय." ती भावाकडे बघते, मान हलवते, अंगठा देते.

भाऊ लबाडच असेल असं नाही. आजवर त्यानंच तिचं सगळं केलं आणि यापुढेही तो तिला काही कमी पडू देणार नाही. तरीही तिनं नेमकी कशाला मान हलवली, हे त्या खोलीत खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही.

या प्रसंगामागे फार जुना इतिहास आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांना वारशात वाटा नाही त्यांची यादी आहे. तिच्यात जन्मांधांबरोबर बहिरे आणि मुकेही आहेत. लगेच पुढच्या श्लोकात त्यांना अन्नवस्त्र द्यावं, असंही बजावलं आहे. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून जन्मजात मूकबधिरांना हाच दंडक लावला. 1928 मध्ये कायदेमंडळानं तो मोडीत काढला; पण तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता आणि परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. पुढे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 नं स्पष्ट केलं की रोग, दोष किंवा व्यंग या कारणावरून कुणाचाही वारसा बुडणार नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि सगळ्याच मुलींना देशानं 2005 मध्ये दिला.

म्हणजे बाई म्हणून आणि बहिरी म्हणून, दोन्ही बाजूंनी बंद असलेली दारं कायद्यानं तिच्यासाठी उघडली. घरात मात्र जुनंच बोलणं ऐकू येतं, "तिला काय लागतंय? दोन वेळचं जेवण, अंगावर कापड. आम्ही आहोत की." असं म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, हे मी मान्य करतो. पण मनुस्मृतीनं जे दिलं होतं, त्याहून जास्त तो काही देत नाही. अन्नवस्त्र तेव्हाही मिळत होतं. मिळत नव्हता तो हिस्सा, आणि त्या हिश्श्याबद्दल स्वतः बोलण्याचा अधिकार.

हा अधिकार 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिला. त्याचं कलम 13 प्रत्येक घरात वाचलं जावं असं आहे. दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारशानं मिळवण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, असं ते सांगतं. तिला मदत करणाऱ्याचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात तिच्या हिताच्या आड येत असतील, तर त्या व्यवहारापुरतं त्यानं बाजूला व्हावं, असंही सांगतं. केवळ नातेवाईक आहे म्हणून कुणावर संशय घेऊ नये, हेही त्याच कलमात आहे. कायदा रक्ताच्या नात्याचा अपमान करत नाही. जमीन ज्याच्या नावावर जाणार आहे त्यानंच तिची जीभ होऊ नये, एवढाच त्याचा आग्रह आहे.

सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये राजस्थान सरकार विरुद्ध दर्शन सिंग या खून खटल्यात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं तपासला. मृताची पत्नी मूकबधिर होती आणि ती महत्त्वाची साक्षीदार होती. तिच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनी न्यायालयाला सांगितला होता. तिला लिहिता-वाचता येत असूनही तिची साक्ष लेखी घेतली गेली नव्हती. मूकबधिर माणसाची साक्ष ग्राह्यच आहे, असं न्यायालयानं ठामपणे म्हटलं. मात्र लिहिता येत असेल तर साक्ष लेखी घ्यावी, खुणांचीही नोंद व्हावी, दुभाष्याला शपथ द्यावी आणि त्याचा खटल्यात हितसंबंध नसावा, असं सांगितलं. या कसोट्यांवर ती साक्ष टिकली नाही आणि आरोपीची सुटका कायम राहिली. ज्या बाईनं नवरा गमावला, तिचं म्हणणं तिच्या शब्दांत न्यायासनापर्यंत पोचलंच नाही. यात वडिलांची माया कमी पडली नव्हती. कमी पडली ती आपण सगळ्यांनी पाळायची रीत.

त्यानंतर 2013 मध्ये साक्षीपुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक घ्यावा आणि जबाबाचं व्हिडिओ चित्रीकरण व्हावं, ही तरतूद आली. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 125 मध्येही ती आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयासमोर आल्या. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्यांच्या दुभाष्याला परवानगी दिली. आपल्याच राज्यातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला बोलण्यातल्या दोषाची टक्केवारी जास्त भरली म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला होता. ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निव्वळ टक्केवारीवरून दार बंद करता येणार नाही. हा विद्यार्थी हे शिक्षण घेऊ शकतो का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळानं पाहिलं पाहिजे. सूत्र तेच आहे: माणसाबद्दल परस्पर ठरवू नका.

अडचण मात्र खरी आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा प्रशिक्षित दुभाषा तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. आणि शाळेत न गेलेल्या बाईला ती भाषाही येत नसते. तिच्या खुणा घरात घडलेल्या असतात, घरच्यांनाच कळतात. मग भावाशिवाय विचारायचं तरी कुणाला?

वाट निघते. हिस्सा नसलेली मामी, शेजारीण, लहानपणची मैत्रीण यांनाही त्या खुणा कळतात. त्यांना बोलवावं. सोबत मूकबधिर शाळेतला शिक्षक घ्यावा. तिला शेताच्या बांधावर नेऊन दाखवावं. आणि प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा. "जमीन भावाला देऊ का?" याला तिनं मान हलवली, तर "जमीन तुझ्याकडेच राहू द्यायची का?" हेही विचारावं. दोन्हींना सारखीच मान हलली, तर तिला कळलेलं नाही, असं समजून त्या दिवशीचा अंगठा थांबवावा. तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. दिव्यांग व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हे निबंधक, वकील आणि न्यायाधीश यांच्यावर सोडून मोकळं होता येणार नाही. बँकेच्या खिडकीशी, दवाखान्यात डॉक्टरांसमोर, मुलीची सोयरीक ठरवताना आपण सगळेच बहिऱ्या माणसाला सोडून त्याच्या सोबतच्याकडे वळून विचारतो, "त्यांचं काय म्हणणं आहे?" ही सवय मोडायला कायद्याचं कलम लागत नाही. बहिऱ्या माणसाकडेच तोंड करून विचारावं, लिहून दाखवावं, चित्र काढावं, वेळ द्यावा. आणि ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांनी त्याच्या नकाराची तयारी ठेवावी. बहिणीला आयुष्यभर सांभाळणाऱ्या भावाला तिचा 'नाही' ऐकून घेणं जड जाईल. पण नाही म्हणायची मोकळीक ज्याला नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.