परिग्रहाचे परिमाण

पुढे काय लागेल हे ठाऊक नसताना आज किती घेऊन ठेवावे, हा प्रश्न गृहस्थाश्रमाइतकाच जुना आहे. आणि पुण्याच्या बुधवार पेठेत, जिथे तपकीर गल्लीच्या बाजूला यंत्रांची खरेदीविक्री चालते आणि अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला तशाच यंत्रांवर जुळवलेली पुस्तके विकली जातात, तिथे तो हल्ली वीतभर लांबीरुंदीच्या एका पेटीपाशी येऊन ठेपतो. अक्षरजुळणीचे काम करणारा एखादा गृहस्थ, टेबलावर जागा अपुरी म्हणून, मिनी पीसी घ्यायला येतो, भाव विचारतो, हमीची मुदत विचारतो, आणि शेवटी हटकून विचारतो, "पुढे रॅम वाढवता येईल ना?" दुकानदार म्हणतो, "ह्यात नाही काका, येते तेवढीच. वाढवायची असेल तर तो पलीकडचा बघा, त्याला दोन स्लॉट आहेत."

हा संवाद चार वाक्यांत संपतो. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्मविचाराचा आहे, असे मला वाटते. मर्यादा हा सद्गुण केव्हा ठरतो? अपरिग्रहाची महती सांगणारे कित्येक सज्जन यंत्राच्या बाबतीतही "आज आठ जीबीत भागते ना, मग जास्तीचा हव्यास कशाला?" असे म्हणून मोकळे होतात, आणि ज्या यंत्रात वाढीला वावच नाही ते जणू आपल्याला संयमाची दीक्षा देते, अशी समजूत करून घेतात. ही समजूत मला घातक वाटते. ज्याला अधिक घेणे शक्य आहे त्याच्या न घेण्याला संयम म्हणतात. ज्याचे हात दुसऱ्याने बांधून ठेवले त्याच्या रित्या ओंजळीला कोणी वैराग्य म्हणत नाही.

जैन आगमांपैकी उपासकदशांग या ग्रंथात वाणिज्यग्रामच्या आनंद नावाच्या श्रावकाची कथा आहे. भगवान महावीरांपाशी त्याने गृहस्थाची व्रते घेतली, आणि परिग्रहाचे परिमाण ठरवताना त्याने मोघम असे काही ठेवले नाही: चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजव्यवहारात, चार कोटी घरसंसारात, आणि दहा-दहा हजार गुरांचे चार कळप, असा एकेक आकडा त्याने स्वमुखाने उच्चारला व त्यापलीकडे काही न घेण्याची प्रतिज्ञा केली. एवढी संपत्ती राखून कसला आला अपरिग्रह, असे आजच्या वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु या कथेत मला मोलाची वाटते ती रक्कम नव्हे, ती पद्धत. मर्यादा घालणारा आणि ती पाळणारा एकच मनुष्य आहे. ती घालताना ती ओलांडण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी शाबूत आहे. आणि ती आकड्यांत, उघडपणे, दुसऱ्याच्या समक्ष सांगितलेली आहे. यांतली एक गोष्ट जरी ढळली तरी व्रत संपते आणि नुसता निर्बंध उरतो.

आता त्या दोन पेट्या जवळून पाहाव्या. स्लॉटवाल्या पेटीचे स्क्रू काढून झाकण बाजूला केले की आत बोटभर लांबीच्या हिरव्या पट्टीसाठी खाच दिसते. पट्टीच्या सोनेरी दातांमधली खोबण खाचेतल्या उंचवट्याशी जुळवून ती तिरपी आत सारायची आणि मग हलकेच खाली दाबायची, की दोन्ही बाजूंच्या चिमट्या कट् असा आवाज करीत तिला धरून ठेवतात. ज्याने आयुष्यात कधी पाना हाती घेतला नाही त्यालाही एकदा पाहून हे जमते. तिच्या शेजारची दुसरी खाच पुष्कळदा रिकामीच असते. दुसऱ्या पेटीत अशी खाचच नाही. तिथे रॅमच्या चिप बोर्डावर सोल्डर केलेल्या, किंवा थेट प्रोसेसरच्याच बैठकीवर बसवलेल्या असतात, आणि खरेदीच्या दिवशी जो आकडा निवडला तोच त्या यंत्राच्या अखेरपर्यंत कायम राहतो.

हे सारे कारखानदाराच्या लोभापायीच घडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रॅम प्रोसेसरच्या जितकी निकट तितकी माहितीची ये-जा त्वरेने होते आणि वीज कमी लागते, हे खरे आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांना एकच सामाईक साठा वापरू देण्यातही वास्तविक लाभ आहे. तरीपण ॲपलच्या मॅक मिनीचा इतिहास पाहिला तर यातले सगळेच अपरिहार्य नव्हते असे दिसते. २०१२ च्या मॅक मिनीचे तळाचे गोल झाकण नुसत्या हाताने फिरवून उघडता येई आणि मालकाला स्वतःच १६ जीबीपर्यंत रॅम घालता येई. २०१४ साली ती बोर्डाला कायमची जोडली गेली. २०१८ साली स्लॉट परत आले आणि कमाल मर्यादा ६४ जीबी झाली, यद्यपि तिथवर पोहोचणे पूर्वीसारखे सोपे राहिले नाही. आणि २०२० साली एम१ चिपबरोबर ८ किंवा १६ या दोनच आकड्यांवर दार पुन्हा बंद झाले. जे दार मिटून पुन्हा उघडू शकते त्याचे मिटणे हा निसर्गाचा हुकूम नसतो, कोणा मनुष्याचा निर्णय असतो. किंबहुना अलीकडे तर निकटतेचा युक्तिवादही पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही: कमी वीज खाणारी रॅमसुद्धा काढता-घालता यावी अशा कॅम२ नावाच्या पट्टीचे प्रमाणक जेडेक या संस्थेने २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केले आहे.

यावर कोणी कर्मसिद्धांताचा आधार घेऊन म्हणेल, की देहाबरोबर जसे प्रारब्ध येते तसे यंत्राबरोबर त्याचे सामर्थ्य येते. ते निमूटपणे भोगावे. दृष्टांत आकर्षक आहे, पण तो टिकत नाही. प्रारब्ध हे ज्याचे त्याच्या पूर्वकर्माचे फळ मानले आहे, आणि त्या सिद्धांताची सारी नैतिक शक्ती या एका मान्यतेवर उभी आहे. शिवाय प्रारब्धाच्या जोडीला शास्त्राने क्रियमाणाचे क्षेत्र मनुष्याच्या स्वाधीन ठेवले आहे. ज्या बंधनात ग्राहकाचे कर्म एवढेच, की पैसे मोजताना त्याला पुढची पाच वर्षे दिसली नाहीत, आणि ज्यात पुढे काही करण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याला प्रारब्ध म्हणणे हा त्या शब्दाचा गैरवापर आहे.

बंद पेटी मनुष्याला अपरिग्रही करते असे म्हणणाऱ्यांनी तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचे मन पाहावे. त्याला आज ८ जीबी पुरते. परंतु उद्या वाढवता येणार नाही हे कळताच त्याच्या मनात भय शिरते. मग तो १६ घेतो, मग "घेतलेच आहे तर" म्हणून २४ चा भाव विचारतो, आणि जे सामर्थ्य कदाचित कधीच वापरले जाणार नाही त्याची किंमत आगाऊ भरून घरी जातो. साठवणुकीचा जन्म बहुधा लोभापेक्षा भयातून होतो, आणि वस्तूवरील आसक्तीलाच परिग्रह म्हणणाऱ्या जैन आचार्य उमास्वातींच्या दृष्टीने पाहिले तर हा खरेदीदार पैसे देण्यापूर्वीच परिग्रही झालेला असतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात विषयांच्या ठिकाणी पाच दोष सांगितले आहेत: मिळवण्याचे कष्ट, राखण्याचे कष्ट, क्षय, आसक्ती आणि हिंसा. धास्तीने घेतलेली जादा रॅम न वापरताच जुनी होते, हा क्षय. आणि ज्याने धास्ती न बाळगता थोडकीच घेतली त्याच्या पदरी याहून मोठा दोष येतो, कारण चार वर्षांनी ती कमी पडली की धडधाकट प्रोसेसर, बोर्ड आणि पंखा यांच्यासकट सगळे यंत्रच भंगारात जाते. ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले आणि त्यांत उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे, हे योग्यच झाले. परंतु जे यंत्र एका पट्टीने आणखी चार वर्षे चालले असते त्याची राख करून तीतून तांबे काढणे याला मी अहिंसा म्हणणार नाही.

रिकाम्या खाचेचे मोल मला यासाठी वाटते. तिच्यामुळे मनुष्य आज निर्धास्तपणे थोडके घेऊ शकतो. तिथे भविष्याची तरतूद आहे, पण संचय नाही.

अर्थात ही खाच म्हणजे सनद नव्हे. तिलाही मर्यादा आहेत, आणि त्या थरांनी येतात: बोर्डाची वेगळी, प्रोसेसरची वेगळी, कार्यप्रणालीची वेगळी. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर एकंदर १ एमबीच ओळखू शके आणि त्यातले ६४० केबी तेवढे आज्ञावलींच्या वाट्याला येत. पुढे ३२ बिटांच्या काळात ४ जीबीची भिंत आली, आणि ८ जीबीची पट्टी घालूनही ३२ बिटी विंडोज निम्म्याहून कमीच वापरते, हा अनुभव पुष्कळांनी घेतला. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. भावाचेही तसेच: रॅम कालांतराने स्वस्तच होणार, या भरवशावर राहिलेल्यांना २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून भाव भडकले तेव्हा हात आवरावा लागला. दासबोधात समर्थांनी सावधपणाला प्रपंचातही स्थान दिले आहे, ते विसरून नुसत्या स्लॉटवर विसंबणारा मनुष्य निःस्पृह नसतो, तो गाफील असतो.

म्हणून ज्याचे काम ठरलेले आहे, जमाखर्च, पत्रव्यवहार, चार पानांची जुळणी, त्याने आपला आकडा आधी घरी ठरवून बंद पेटी खुशाल घ्यावी; आनंद श्रावकाचा तो मार्ग आहे. ज्याचे काम वाढते आहे आणि मिळकत अजून वाढायची आहे, त्याने दोन खाचांची पेटी घेऊन एक खाच मोकळी ठेवावी, म्हणजे दोन पट्ट्या भरून मिळणाऱ्या थोड्याशा वेगावर पाणी सोडावे लागले तरी एकच पट्टी घालून ठेवावी. आणि या दोघांच्याही वतीने माझे विक्रेत्यांपाशी एकच मागणे आहे, की किंमत, कर आणि हमीची मुदत यांच्या खाली पावतीवर आणखी एक कलम असावे: रॅम किती आहे, ती बोर्डाला जोडलेली आहे की स्लॉटमध्ये, आणि कमाल किती चालेल.