बिघाड कळण्याचा हक्क

गेल्या जुलैत जेव्हीएलआरवर, पवई तलाव यायच्या थोडं आधी, आमची गाडी बंद पडली. बोरिवलीच्या मावशीकडून घाटकोपरला परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ, पाऊस चालू आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. स्क्रीनवर पिवळं इंजिन उमटलं आणि खाली एक ओळ आली: सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.

बाबा छत्री न घेताच खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण होतं. त्यावर कंपनीचं नाव होतं, बाकी काही दिसत नव्हतं. दहा सेकंद ते त्या झाकणाकडे बघत राहिले. मग बॉनेट लावून गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "टोइंगवाल्याला फोन लाव."

ज्या माणसाने अर्धं आयुष्य हात काळे करून गाडी चालवली, त्याला मी पहिल्यांदाच हात न लावता परत येताना बघत होतो.

आमच्याकडे मी शाळेत जाईपर्यंत प्रीमियर पद्मिनी होती, सेकंडहँड. ही गाडी आपल्याच उपनगरातली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट या नावाने बनत होती, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. कारखाना गेला, पण त्या भागात प्रीमियर रोड हे नाव अजून आहे. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. ती बंद पडली की बाबा दोनच प्रश्न विचारायचे. पेट्रोल येतंय का? करंट येतोय का? पेट्रोलचा पाइप काढून बघायचा, प्लग काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघायची. मे महिन्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबली की फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी चालू. मला ते जादूसारखं वाटायचं. आता कळतं की जादू नव्हतीच. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये काहीच लपलेलं नव्हतं, एवढंच.

इथपर्यंत लिहून 'जुनं ते सोनं' म्हणत थांबणं सोपं आहे. पण ते खोटं ठरेल.

पद्मिनी दुरुस्त करायला सोपी होती, कारण ती सतत दुरुस्त करावी लागायची. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, रेडिएटर, काही ना काही चालूच. आमच्या गाडीत एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हतं, मागच्या सीटला बेल्टही नव्हता. मी मागे उभं राहून, पुढच्या दोन सीटच्या मधून डोकं काढून प्रवास करायचो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आणि धूर तर विचारूच नका. माझ्या बहिणीला दमा आहे. हिवाळ्यात एलबीएस मार्गाच्या सिग्नलला रिक्षात बसलो की ती ओढणी नाकाला लावायची. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं, ते उगाच नाही.

इलेक्ट्रॉनिक्स गाडीत शिरलं त्यामागे कंपन्यांची हौस होती, तसं हवेचंही कारण होतं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण सतत राखावं लागतं. ट्रॅफिकमध्ये, चढावर, एसी लावून, थंड इंजिनवर, कायम. कार्बोरेटर हे करू शकत नाही. त्यासाठी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लागतो आणि सेकंदाला अनेकदा हिशोब करून पेट्रोल कमीजास्त करणारा कॉम्प्युटर. एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ नियम या कॉम्प्युटरशिवाय पाळणं अशक्य आहे. २०१९ मध्ये नव्या गाड्यांना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्यांनाही सेन्सर आणि वायरी लागतातच. म्हणजे सेन्सर नकोत असं म्हणणारा माणूस माझ्या बहिणीच्या फुप्फुसांवर स्वतःची सोय बघतोय.

मग त्या रात्री बाबांचं नेमकं काय हरवलं?

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरवर बाबांनी एकच प्रश्न तीन वेळा विचारला, "नेमकं झालंय काय?" समोरचा मुलगा माझ्याच वयाचा होता, नम्र होता. तिन्ही वेळा त्याने तेच उत्तर दिलं, "सर, सिस्टिममध्ये एरर आहे." संध्याकाळी अंदाजपत्रक आलं. वायरिंग हार्नेस बदलावा लागेल, मजुरीसकट सेहेचाळीस हजार.

बाबांनी गाडी टो करून असल्फाच्या मिस्त्रींकडे नेली. पद्मिनीच्या काळापासूनचे मिस्त्री. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी०३३५. क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय की नाही हे सांगणारा सेन्सर गप्प आहे, असा त्याचा अर्थ. त्यांनी टॉर्च घेऊन त्या सेन्सरची वायर शोधली. ती उंदराने कुरतडली होती. मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्याला हे नवं नाही. नवा तुकडा जोडला, सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. बाराशे रुपये.

ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली तेव्हा सगळे म्हणाले, लुटारू आहेत साले. मला ते तितकं खरं वाटत नाही. जोडलेल्या वायरीची हमी कंपनी देऊ शकत नाही, तिच्या नियमात अख्खा भाग बदलणं हीच दुरुस्ती असेल. सेहेचाळीस हजारांत कदाचित प्रामाणिकपणाही असेल. आणि मिस्त्रीही काही सर्वज्ञ नाहीत. दोन महिन्यांनी आमची एक चावी हरवली, तेव्हा त्यांनी हात वर केले. नव्या चावीची ओळख गाडीला करून द्यायचं सॉफ्टवेअर कंपनीकडेच असतं.

मला टोचलं ते वेगळंच. पी०३३५ हा कोड गाडीला त्या रात्री जेव्हीएलआरवरच माहीत होता. स्क्रीन होती, मराठी अक्षरं दाखवण्याची सोय होती. 'क्रँक सेन्सरकडून सिग्नल येत नाही' एवढं वाक्य तिथे मावलं असतं. ते दाखवलं नाही, कारण कुणीतरी ठरवलं होतं की ते आम्हाला सांगायचं नाही.

हे 'कुणीतरी' कोण असतं ते मला चांगलं माहीत आहे. मी असल्याच गोष्टी लिहून पगार घेतो. माझं काम गाडीचं नाही, घरगुती उपकरणांच्या ॲपचं आहे. दोन वर्षांपूर्वी एका मशीनमध्ये वारंवार एक व्हॉल्व्ह अडकायचा. लॉगमध्ये स्वच्छ दिसायचं. आमच्यासमोर दोन पर्याय होते: 'पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला आहे' असं सांगायचं, किंवा 'काहीतरी चुकलं, सेवा केंद्राशी संपर्क साधा'. मीटिंगमध्ये म्हटलं गेलं की पहिल्या वाक्याने लोक स्वतः मशीन उघडतील, हात कापून घेतील किंवा बाहेरच्या माणसाला बोलावतील. मी दुसरं वाक्य टाइप केलं. पाच मिनिटांचं काम. हात कापण्याची काळजी खोटी नव्हती. पण बाहेरच्या माणसाची काळजी कुणाच्या भल्यासाठी होती, हे तेव्हाही मला कळत होतं.

यावर खरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं. ब्रेकचं सॉफ्टवेअर कुणीही बदलू लागलं तर रस्त्यावर चालणाऱ्या तिसऱ्याच माणसाचा जीव जाईल. चावीचं कुलूप सैल केलं तर चोरांचं फावेल. हे सगळं मान्य. पण यात दोन गोष्टींची सरमिसळ होते: बिघाड सांगणं आणि दुरुस्तीला हात लावू देणं. आपल्याला स्वतःची अँजिओप्लास्टी करता येत नाही, म्हणून कुणी आपला ईसीजी लपवून ठेवत नाही. रिपोर्टची पिशवी घेऊन आपण मुलुंडच्या डॉक्टरकडून अंधेरीच्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. दुसरं मत घेता येतं, कारण कागद आपल्या हातात असतो. 'सिस्टिममध्ये एरर आहे' या वाक्यावर दुसरं मत घेता येत नाही.

आणि यात फक्त गाडीमालकाचा प्रश्न नाही. असल्फा, साकीनाका, कुर्ला या पट्ट्यात गॅरेजांच्या रांगा आहेत. त्यातल्या माणसांना कान आहेत, बोटं आहेत, शिकण्याची तयारी आहे. मिस्त्री साठीजवळ आले असताना स्कॅनर शिकले. त्यांना अडवतं ते माहितीवरचं कुलूप. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेर एक पोर्टलही सुरू केलं. म्हणजे प्रश्न सरकारदरबारीही पोचला आहे. पण कायदा येईपर्यंत ते वाक्य कुणीतरी टाइप करतच असतं, आणि तो माणूस बऱ्याचदा माझ्यासारखा असतो.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा माझ्या फोनवर दिवसभर हळहळीच्या स्टोऱ्या येत होत्या. मीही एक टाकली होती. आता वाटतं, आपण काळ्या-पिवळ्या रंगावर रडलो. पद्मिनीकडून घ्यायची गोष्ट कार्बोरेटर नव्हती. आपल्याला काय होतंय हे ती मालकाला सांगायची, ही होती. ते नव्या गाडीलाही जमतं, जुन्या गाडीपेक्षा कितीतरी चांगलं जमतं, कारण तिला स्वतःबद्दल खूप जास्त माहीत असतं.

ऑगस्टमध्ये मी ॲपमधलं ते वाक्य बदलण्याचा प्रस्ताव टाकला: 'पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला आहे. मशीन उघडण्याआधी प्लग काढा.' तीन आठवडे चर्चा झाली. पहिला भाग मंजूर झाला, दुसऱ्यावर कायदा विभागाचं उत्तर अजून यायचं आहे. तोवर काहीच बदललेलं नाही, जुनंच वाक्य चालू आहे.

बाबांना मी हजारभर रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणून दिलाय. तो सगळं वाचू शकत नाही, ठरावीक कोडच वाचतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये तो पद्मिनीच्या प्लग पान्याशेजारी पडलेला असतो. हा पाना या गाडीला बसत नाही. पण बाबा तो काढू देत नाहीत.