क्रम आणि क्रमांक

ब्रिटनची अल्बमांची अधिकृत यादी शुक्रवारी संध्याकाळी लंडनमध्ये जाहीर होते, तेव्हा छत्तीसगढमधल्या सिलतऱ्यात रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले असतात. रात्रपाळी कामावर चढलेली असते, रायपूर-बिलासपूर रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली असते आणि दुपारी झाडलेल्या गच्चीवर पुन्हा काळी धूळ बसलेली असते. त्या वेळी मी यादी उघडतो आणि त्या आठवड्यात नव्याने शिरलेले अल्बम एकेक करून ऐकायला घेतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधलं काहीही न वगळता. हा माझा नेम आहे. तो पाळताना एक गोष्ट इतक्या वेळा जाणवली, की आता ती मांडल्यावाचून राहवत नाही: अल्बम म्हणजे त्यातल्या गाण्यांचा क्रम, यादीतला क्रमांक नव्हे.

आपल्याकडे गाण्यांच्या याद्यांवर जे बोललं जातं ते फार वरवरचं आहे. २०२४ साली संजू राठोड यांचं 'गुलाबी साडी' देशभर वाजलं. मराठी गाणं इतकं दूर गेलं याचा मला मनापासून आनंद झाला. पण तेव्हापासून चर्चा एकच: किती कोटी वेळा ऐकलं गेलं, कितव्या स्थानावर पोहोचलं, आता जगाच्या यादीत मराठी कधी? गाण्यात काय आहे, हा प्रश्न त्या चर्चेत येतच नाही. याद्या पैशाने फिरवता येतात म्हणून त्या खोट्या, असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. त्या खऱ्या असल्या तरी माझं म्हणणं बदलत नाही. जुनं तेवढं सोनं म्हणणाऱ्यांनी नवं ऐकलेलंच नसतं, त्यामुळे त्यांच्याशीही वाद संभवत नाही.

माझा वाद एकाच मताशी आहे, कारण ते विचार करणारी माणसं मांडतात आणि त्यात बरंच तथ्य आहे. ते मत असं: अल्बम हा कलाप्रकार कधी नव्हताच, ती तंत्राने घडवलेली सोय होती. आधी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या असत. त्यांचा संच पाकिटांच्या वहीत घालून विकत, फोटोंच्या वहीसारखा, म्हणून त्याला अल्बम म्हणू लागले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली आणि दहा-बारा गाण्यांची मोट बांधली गेली. आता तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडीही गेली. गाणं सुटं झालं, ऐकणारा मोकळा झाला. मग कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर, याचं अवडंबर कशाला?

यातला इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. क्रम तबकडीने जन्माला घातला असेल, तर तबकडी नव्हती तिथे तो सापडता कामा नये.

१ एप्रिल १९५५. तोही शुक्रवारच होता, आणि रामनवमी. पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर शुक्रवारी सकाळी एक नवं गाणं, शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा. योजना बावन्न आठवड्यांची होती. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गाणी छप्पन झाली. यात तबकडीच्या खाचा कुठे आहेत? बावीस मिनिटांचं बंधन कुठे आहे? ध्वनिमुद्रिका पुढे निघाल्या, आणि निघाल्या तेव्हा त्यांना तयार क्रमापुढे मान तुकवावी लागली. पंचांगात महिना वाढला तर गाणी वाढली. क्रम जागचा हलला नाही.

यावर मला सांगितलं जातं, की ती तर कथा आहे. क्रम कथेचा, गाण्यांचा नव्हे. उत्तर चतुर आहे, पण टिकत नाही. नारदीय कीर्तनात कथा येते ती उत्तररंगात, आख्यानाच्या रूपाने. पूर्वरंगात कथा नाही, तरी तो आधीच येतो. हरिपाठ रोज म्हणणारा माणूस पाचवा अभंग तिसऱ्याच्या आधी म्हणत नाही, आणि हरिपाठात कथानक नाही. सगळ्यांत मोठा पुरावा मैफिलीचा. भैरवी हा सकाळचा राग. तरी मैफल रात्री दहाला संपो की पहाटे, शेवटी भैरवीच. तिथे ना कथा, ना यंत्र, ना विक्रेता. भैरवीनंतर गायकाने पुन्हा काही गायला घेतलं तर श्रोते अस्वस्थ होतात, कारण संपलेलं काहीतरी उघडलं जातं.

मग म्हणतात, मैफिलीत गायक समोर असतो, ध्वनिमुद्रणाचं तसं नाही. त्यांनी १९६७चा 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकावा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहिर भैरवने उजाडतो आणि पहाडीत विसावतो. हे कुणा ऐकणाऱ्यासमोर वाजवलेलं नाही, स्टुडिओत केलेलं आहे. फोनला उलटसुलट वाजवायला सांगा. वादन तेच राहील, दिवस मोडेल.

म्हणून मला दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेसे वाटतात. क्रमांक बाहेरून मिळतो, शेजाऱ्याशी तुलना करून, आणि पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याचा होतो. क्रम आतला असतो. तो बदलला की वस्तूच बदलते. अमीन सयानी यांच्या रेडिओवरच्या गीतमालेत क्रमांकच होते, पायदानं होती, पण तिने कधी गाण्यांच्या आतल्या रचनेवर हक्क सांगितला नाही. आजची अल्बम-यादी तो सांगते. डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्डने नियम केला, की अल्बममधली गाणी मिळून दीड हजार वेळा वाजली की एक अल्बम खपला असं धरायचं. पुढे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. म्हणजे बारांपैकी एकच गाणं दीड हजार वेळा ऐका, उरलेली अकरा उघडूही नका. हिशेबाच्या वहीत अख्खा अल्बम ऐकला गेला. ब्रिटनच्या यादीवाल्यांना यातलं वैगुण्य दिसलं. त्यांनी २०१५मध्ये सर्वाधिक ऐकलेली बारा गाणी घेऊन वरच्या दोहोंचं वजन बाकीच्यांच्या सरासरीपर्यंत उतरवायचं ठरवलं. प्रामाणिक प्रयत्न आहे. पण सरासरीला दुसरं गाणं कोणतं आणि नववं कोणतं हे कळत नाही.

जास्त गाणी म्हणजे जास्त वाजणं, म्हणून हा हिशेब मग रचनेत उतरतो. १९ एप्रिल २०२४च्या शुक्रवारी टेलर स्विफ्ट यांचा सोळा गाण्यांचा अल्बम आला आणि दोन तासांनी आणखी पंधरा गाणी. एकतीस गाणी मी सलग ऐकली. पहिल्या सोळांत मला एक चाल, एक उतार जाणवला. पुढच्या पंधरांत चांगली गाणी होती, पण ती कुठेही ठेवली असती तरी चाललं असतं. उलट २०२१मध्ये अॅडेल यांनी आग्रह धरला, तेव्हा स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं उलटसुलट वाजवण्याचं मुख्य बटण काढलं. ज्यांचा माल हातोहात खपतो त्या गायिकेला हा आग्रह धरावासा वाटला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

मान्य आहे, दर शुक्रवारच्या नव्या नोंदींपैकी बहुतेकांना क्रम नसतोच. ती नुसती गाण्यांची पिशवी असते. शिवाय इथे रस्त्याकडेच्या चहाच्या ठेल्यांवर फोनवरून वाजणाऱ्या छत्तीसगढी गाण्यांना कुठलीही अल्बम-यादी विचारत नाही. आणि प्रवासाला निघण्याआधी बसून, विचार करून, आपल्या हाताने गाणी लावणारा माणूस माझ्याच बाजूचा आहे. तो क्रम घडवतो. मोकळा झालेला श्रोता हाच असेल, तर माझी तक्रार नाही. पण बहुतेकांची गाणी आज यंत्र लावतं, आणि ते मागच्या गाण्यासारखंच पुढचं शोधतं. सारख्यानंतर सारखं येत राहिलं तर ती रांग झाली.

नवरात्रात सिलतऱ्याच्या आसपासच्या गावांत पहिल्या दिवशी धान्याचा जवारा पेरतात, ज्योत लावतात आणि मांदर-झांजेवर रात्री देवीची जसगीतं चालतात. जवारा वाढत जातो तशी गाणी पुढे सरकतात. नवव्या दिवशी त्याला निरोप देतानाची गाणी येतात. त्या मंडळींपैकी कित्येकजण दिवसा इथल्याच कारखान्यांत पाळी करतात आणि खिशातल्या फोनवर यंत्र लावेल ती गाणी ऐकतात. निरोपाचं गाणं आज पहिल्याच रात्री म्हणा, ते जास्त लोकप्रिय आहे, असं त्यांना कुणी सांगून पाहावं. अजून तर जवारा उगवलेलाही नाही, निरोप कुणाला द्यायचा, असंच ते विचारतील.